लेहरा धरणारा

आपल्याकडे महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडपर्यंत माणूस बहुधा उलट्या वाटेने पोचतो. आधी झाकीर हुसेन. मग त्यांची ‘शक्ती’, आणि ‘शक्ती’च्या जुन्या चित्रफितींत तबला-घटमच्या शेजारी मांडी घालून बसलेला तो गोरा गिटारवाला. मग कुणीतरी सांगतं, अरे, हा बाबा याच्या आधी भलतंच काहीतरी वाजवायचा. ते भलतंच लावलं की पहिल्या मिनिटात हात आवाज कमी करायला जातो. माझाही गेला. डोंबिवलीत तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या, घरी भीमसेन आणि किशोरीताईंच्या कॅसेटवर वाढलेल्या मुलीच्या कानावर ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ हा १९७१ चा अल्बम म्हणजे धाडच होती. गिटार किंचाळतेय, व्हायोलिन तिच्याशी भांडतंय, आणि ड्रमवाला तर चार हात असल्यासारखा सुटलाय.

पुन्हा लावला तो तालासाठी. त्या सगळ्या गदारोळात पाचही जण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मात्र एकदम, स्वच्छ येत होते. कुठल्या समेवर, हे कळत नव्हतं. दहा मोजले, अठरा मोजले, एका ठिकाणी एकोणीस भरले. तबला शिकलेल्या माणसाला असं काही ऐकू आलं की बोटं मांडीवर चालायला लागतात, आणि मग सुटका नसते.

बँडचं मूळचं आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचं. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधल्या गॅसलाइट या छोट्या क्लबात पहिला कार्यक्रम, आणि ३० डिसेंबर १९७३ ला डेट्रॉइटच्या मेसॉनिक टेंपलमध्ये शेवटचा. मध्ये दोन स्टुडिओ अल्बम, एक लाइव्ह, आणि एक असा, जो रेकॉर्ड होऊन पाव शतकाहून जास्त काळ कंपनीच्या गोदामात पडून राहिला. त्या गोदामातल्या अल्बमकडे मला यायचंच आहे, पण आधी ही माणसं एकत्र कशी आली ते.

तो गोरा गिटारवाला म्हणजे जॉन मॅक्लॉक्लिन, यॉर्कशरमधल्या डॉनकास्टरचा, जन्म १९४२ चा. आई हौसेने व्हायोलिन वाजवायची. लंडनमध्ये दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगांत पोटापुरती गिटार वाजवत असताना टोनी विल्यम्स या ड्रमरने त्याला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. १९६९ ची सुरुवात होती. तिथे पोचल्यावर काही दिवसांतच तो माइल्स डेव्हिस या जॅझमधल्या थोर ट्रंपेटवाल्याच्या स्टुडिओत होता. ‘इन अ सायलेंट वे’चं रेकॉर्डिंग, फेब्रुवारी १९६९. तिथली गोष्ट जॅझवाल्यांत सगळ्यांना पाठ आहे: मॅक्लॉक्लिन बिचकत होता, तेव्हा माइल्स त्याला म्हणाला, गिटार वाजवताच येत नसल्यासारखी वाजव. (हेच वाक्य आपल्याकडे एखाद्या उस्तादाने उच्चारलं असतं, तर शिष्याच्या चरित्रात त्यावर एक अख्खं प्रकरण झालं असतं, आणि शेवटी उस्तादांच्या फोटोला हार.) त्याच वर्षीच्या ‘बिचेस ब्रू’मध्ये एका तुकड्याचं नावच ‘जॉन मॅक्लॉक्लिन’ आहे. पुढे माइल्सनेच त्याला सांगितलं की आता तू स्वतःचा बँड काढ.

माइल्सच्या हाताखालून त्या दोन-तीन वर्षांत जे जे बाहेर पडले त्यांनी आपापला बँड काढला. झाविनुल आणि शॉर्टर यांचा ‘वेदर रिपोर्ट’, चिक कोरियाचा ‘रिटर्न टू फॉरएव्हर’, जरा मागाहून हर्बी हॅन्कॉकचा ‘हेडहंटर्स’. जॅझचे क्लब ओस पडत चालले होते, जिमी हेन्ड्रिक्स या रॉकवाल्याने विजेच्या गिटारचं काय काय होऊ शकतं ते दाखवून दिलं होतं, आणि तरुण पोरं मैदानांवर रॉक ऐकायला हजारांनी जमत होती. जॅझवाल्यांनी अॅम्प्लिफायर घेतले यात नवल नाही. नवल हे, की त्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बँडचा म्होरक्या मंचावर पांढरे कपडे घालून, केस बारीक कापून यायचा आणि वाजवण्याआधी श्रोत्यांकडे क्षणभर शांतता मागायचा.

हा श्री चिन्मय यांचा परिणाम. मूळचे चितगावचे चिन्मय कुमार घोष, वाढले पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात, १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि क्वीन्समध्ये त्यांनी आपलं केंद्र उभं केलं. मॅक्लॉक्लिन आणि त्याची बायको ईव्ह त्यांचे शिष्य झाले. त्याला नाव मिळालं महाविष्णू, तिला महालक्ष्मी. दारू नाही, गांजा नाही, मांस नाही, पहाटे उठून ध्यान. १९७१ च्या अमेरिकन रॉकमध्ये यापेक्षा मोठी बंडखोरी शोधून सापडली नसती. अल्बमच्या कव्हरवरही गुरूंचं लिखाण छापलेलं. माझ्या आजीच्या हाती ती कॅसेट पडली असती तर नाव वाचून तिने ती एकादशीला लावली असती, आणि पुढे जे झालं असतं ते लिहिण्याजोगं नाही.

बाकीचे चौघे मात्र शिष्य नव्हते. हे ध्यानात ठेवायचं, कारण पुढे ते महागात पडलं.

ड्रमवर बिली कॉबम, जन्माने पनामाचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये, अमेरिकी लष्कराच्या बँडमध्ये वाजवून आलेला. बहुतेक ड्रमर उजवा हात डाव्यावरून नेऊन झांज वाजवतात. कॉबम हातांची कैची न करता, डाव्या हाताची झांज डाव्याच हाताने वाजवायचा, त्यामुळे उजवा हात सगळीकडे फिरायला मोकळा. दायां-बायां दोन्ही हातांना सारखी तालीम लागलेली असली की काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याचा ड्रमसेट पारदर्शक अॅक्रिलिकचा, खाली दोन बास ड्रम. कीबोर्डवर यान हॅमर, प्रागचा. १९६८ मध्ये रशियन रणगाडे शहरात घुसल्यावर अमेरिकेत येऊन राहिला आणि काही काळ सारा व्हॉन या जॅझ गायिकेच्या साथीला पियानो वाजवत होता. पहिल्या अल्बममध्ये त्याच्याकडे बहुतेक इलेक्ट्रिक पियानोच आहे. दुसऱ्यात मिनीमूग सिंथेसायझर आला आणि त्याच्या हाताला जणू मींड मिळाली: डाव्या हाताशी असलेलं चाक फिरवून तो सूर वरखाली ओढायचा, इतका की गिटार कुठली आणि मूग कुठला ते डोळे मिटून सांगता येत नाही. व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन, ‘द फ्लॉक’ या रॉक बँडमधून आलेला.

आणि बास गिटारवर रिक लेअर्ड.

लेअर्डबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. डब्लिनचा, जन्म १९४१. पोरवयात न्यूझीलंडला गेला, तिथून ऑस्ट्रेलिया, तिथून लंडन. लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबचा तो घरचा बासवाला होता. अमेरिकेतून जो कुणी मोठा कलावंत तिथे यायचा त्याच्यामागे उभं राहायचं हेच काम. मॅक्लॉक्लिन आणि तो लंडनमध्ये ब्रायन ऑगरच्या बँडमध्ये एकत्र होते, म्हणजे ओळख जुनी. महाविष्णूच्या फोटोंत तो बहुधा कडेला असतो. बाकीचे चौघे विजेचे लोळ सोडत असताना हा माणूस चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता एक ओळ वाजवत असतो. तीच ओळ. पुन्हा तीच.

मला ती ओळ लगेच ओळखू आली. आमच्या क्लासमध्ये एकल तबलावादनाचा सराव असला की कुणातरी एकाला पेटीवर लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवत राहणारी एकच ओळ, धरायला बसवायचे, आणि पेटी थोडीफार येते म्हणून बऱ्याचदा ती पाळी माझ्यावर यायची. चंद्रकंसातली सोळा मात्रांची ओळ. डावा हात भात्यावर, उजवा त्या ओळीवर, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं दुसरं काहीही करायचं नाही. तबलेवाला कायदा उलगडतो, पलटे घेतो, रेल्यात शिरतो, मधेच आडलयीत जाऊन सगळ्यांना चकवतो, तिहाई घेऊन समेवर कोसळतो. दाद त्याला. लेहरेवाल्याने जरा रंगात येऊन एखादी हरकत घेतली, लय तिळभर पुढे-मागे झाली, की वाजवणारा आपटलाच. आमचे सर म्हणायचे, तू हललीस तर तो पडेल. एकदा पाठ झाला की लेहरा धरताना कंटाळा यायला हवा. तसं होत नाही, कारण सगळ्या खोलीत सम नक्की कुठे आहे हे माहीत असलेले आपण एकटेच आहोत, ही धास्ती शेवटपर्यंत जात नाही.

महाविष्णू ऑर्केस्ट्राचा इतिहास मॅक्लॉक्लिनच्या नावाने सांगितला जातो. तसा तो आहेही, पण त्या बँडचं संगीत उभं राहतं ते लेअर्डच्या लेहऱ्यावर, असं माझं मत आहे आणि ते ऐकून दाखवता येतं.

१९७३ च्या ‘बर्ड्स ऑफ फायर’ अल्बममधला ‘वन वर्ड’ हा तुकडा घ्या. दहा मिनिटांच्या आसपासचा आहे. सुरुवातीला नुसता स्नेअर ड्रमवरचा रोल, लांबून जवळ येत जाणारा. मग सगळे मिळून धून वाजवतात, आणि ती ओसरते तिथे लेअर्डला चक्क जागा मिळते. त्याच्यामागे गिटार तुटक तुटक सूर टाकत राहते. तो त्या जागेतही फार काही करून दाखवत नाही. मग गिटार, मूग आणि व्हायोलिन यांचे सवाल-जवाब सुरू होतात. आपल्या जुगलबंदीत होतात तसेच: आधी पाळी लांब, मग निम्मी, मग तिच्याही निम्मी, शेवटी तिघं एकमेकांच्या तोंडातला घास काढून घेतायत. या पाळीत लेअर्ड नाही. तो खाली ओळ धरून बसलाय. पुढे सगळे थांबतात, कॉबम एकटा सुटतो, आणि तो परत येतो तेव्हा सगळे मिळून तेरा मात्रांच्या विचित्र आवर्तनात भरधाव शेवटाला भिडतात. हा तुकडा एकदा तिघांच्या नादाने ऐकावा आणि दुसऱ्यांदा कान फक्त तळाशी ठेवून. दुसऱ्या वेळी निराळाच बँड ऐकू येतो.

किंवा पहिल्या अल्बममधला ‘द डान्स ऑफ माया’. गिटारवर दहा मात्रांची एक वाकडीतिकडी ओळ सुरू होते, एक-एक सूर सुटा करत. झपतालाची टाळी-खाली देत ऐकायला गेलात तर फसाल, वजन वेगळ्याच ठिकाणी पडतं. मग अचानक सगळं बदलून एक डुलणारी ब्लूजची लय लागते, कुठल्याही अमेरिकन दारूच्या गुत्त्यात शोभेल अशी. पाय आपोआप हलायला लागतो आणि दर वेळी चुकतो. मोजल्यावर कळतं की ती वीस मात्रांची आहे, म्हणजे आधीच्या दहाच्या आवर्तनाची बरोब्बर दोन आवर्तनं. शेवटाकडे पहिली वाकडी ओळ परत येते आणि त्या डुलणाऱ्या लयीवर जाऊन बसते, इतकी चपखल की हिशेब आधीपासून मांडून ठेवला होता हे लक्षात येऊन आपण मनातल्या मनात ‘क्या बात है’ म्हणतो. हा हिशेब मॅक्लॉक्लिनने आपल्याकडच्या तालशास्त्राच्या अभ्यासातून उचलला हे उघड आहे. पण नुसता हिशेब असता तर गणिताची वही झाली असती. खाली ब्लूजचा चिखल आहे म्हणून त्यात जीव आहे.

‘फ्यूजन’ म्हटलं की आपल्याकडे गणेशोत्सवातल्या किंवा कंपनीच्या वार्षिक समारंभातल्या कार्यक्रमांनी जे करून ठेवलंय ते डोळ्यांपुढे येतं: बासरीवर हंसध्वनी, मागे ड्रम मशीन, आणि मधेच कुणीतरी ‘ओम’ म्हणतं. दोन संगीतं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलेली, एकमेकांशी बोलणं नाही. महाविष्णूत तबला नाही, सतार नाही, तंबोरा नाही. तरी आपल्याकडचा सगळ्यात मोलाचा माल, म्हणजे आवर्तन, त्यांनी उचलून थेट पायात घातला.

लोकांना ते आवडलं, हे मला आजही थोडं अविश्वसनीय वाटतं. शब्द नसलेलं, अठरा आणि एकोणीस मात्रांचं, कानठळ्या बसवणारं हे संगीत. आणि ‘बर्ड्स ऑफ फायर’ अमेरिकेत बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत चढला. पहिले एक-दोन कार्यक्रम छोट्या क्लबात करणारा बँड दोन वर्षांच्या आत मैदानांवर वाजवू लागला.

आणि मग जे सगळीकडे होतं तेच झालं. पहिल्या दोन्ही अल्बमांवर प्रत्येक रचनेखाली एकच नाव छापलेलं आहे: जॉन मॅक्लॉक्लिन. बाकीच्यांचं म्हणणं असं की धून त्याची असेल, पण ती अशी वाजते ते आमच्यामुळे, आणि आमच्याकडेही रचना आहेत. रेकॉर्डच्या धंद्यात रचनाकाराच्या नावापुढे पैसेही असतात, त्यामुळे हा नुसता मानापमानाचा प्रयोग नव्हता.

मला या भांडणात कुणा एकाची बाजू घेता येत नाही. आपल्याकडे तबल्यात एखादी जुनी गत म्हणून दाखवायची तर आधी तिच्या उस्तादाचं नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावायचा, ही रीत पहिल्या महिन्यात शिकवतात. ख्यालात सदारंग या जुन्या रचनाकारांनी आपलं नाव बंदिशीतच गुंफून ठेवलं, की कुणी पुसू नये. म्हणजे रचना कुणाची, याची आपल्यालाही पक्की जाण आहे. पण बंदिश चार ओळींची आणि तिच्यावरची बढत तासाभराची, आणि बढत गाणाऱ्याची, हेही आपल्याकडे सगळे मानतात. महाविष्णूच्या तालमीत पाच जण मिळून जे घडवत होते ते बंदिश होतं की बढत? रेकॉर्डच्या लेबलवर या प्रश्नासाठी रकाना नव्हता. एकच ओळ, त्यात एकच नाव.

त्यात गुरूचा मामला. म्होरक्या अहंकार गळून पडावा म्हणून रोज ध्यानाला बसतोय, आणि त्याच्या बँडमधल्या माणसांना आपलं नाव कुठेच नाही याचा राग येतोय. विनोद क्रूर आहे, पण तो कुणी मुद्दाम केला नव्हता.

जून १९७३ मध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत तिसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं. या वेळी सहा रचना होत्या. त्यांतल्या तीन मॅक्लॉक्लिनच्या, एक हॅमरची, एक गुडमनची आणि एक, होय, रिक लेअर्डची. म्हणजे मागणी मान्य झाली होती. पण तोवर माणसं एकमेकांशी धड बोलत नव्हती. अल्बम पुरा होऊनही रखडला आणि शेवटी सोडून देण्यात आला. त्याऐवजी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कंपनीने बाजारात आणलं. दरम्यान ‘क्रॉडॅडी’ या मासिकात बँडमधल्या काहींची मुलाखत आली, त्यात त्यांनी मन मोकळं केलं होतं. ती मॅक्लॉक्लिनने विमानात वाचली असं सांगतात. महिन्या-दोन महिन्यांत डेट्रॉइटचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि पाच जण पाच दिशांना गेले.

नाव मॅक्लॉक्लिनकडेच राहिलं. १९७४ मध्ये त्याने नव्या माणसांचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा उभा केला. व्हायोलिनवर जाँ-ल्यूक पाँटी, ड्रमवर नारद मायकल वॉल्डन. हा नारद खरोखर श्री चिन्मय यांचा शिष्य, आणि पुढे तो व्हिटनी ह्यूस्टन आणि अरेथा फ्रँकलिनच्या हिट गाण्यांचा निर्माता झाला. ‘अपोकॅलिप्स’ हा अल्बम लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर, निर्माता बीटल्सचा जॉर्ज मार्टिन. भव्य आहे. मी तो पूर्ण ऐकते ते कर्तव्य म्हणून. व्हायोलिनच्या शंभर तारा लागल्या तरी पाच माणसांच्या भांडणातली धग त्यात नाही. त्यानंतरचे दोन अल्बम, आणि ऐंशीच्या दशकात त्याच नावाने काढलेले आणखी दोन, यांवर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते ‘शक्ती’बद्दल. मॅक्लॉक्लिन विद्युत बँड चालवत असतानाच वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. १९७५ च्या सुमारास त्याने श्री चिन्मय यांचं शिष्यत्व सोडलं, ‘महाविष्णू’ हे नाव मागे पडलं, आणि तो सगळा वेळ व्हायोलिनवाला एल. शंकर, झाकीर हुसेन आणि घटमवाले विक्कू विनायकराम यांच्यासोबत वाजवू लागला. त्याची नवी गिटार गिब्सन कंपनीने बनवून दिलेली: मूळ तारांखालून तिरप्या बसवलेल्या सात तरफा, म्हणजे आपसूक झंकारणाऱ्या तारा, आणि पडद्यांच्या मधलं लाकूड वाटीसारखं कोरून काढलेलं. बोट लाकडाला टेकतच नाही, त्यामुळे तार ओढून दाबून मींड काढता येते. नुसती ती गिटार जवळून पाहिली तरी मधल्या चार वर्षांत हा माणूस कुठून कुठे आला ते कळतं.

त्या बँडमध्ये बास नाही. कितीतरी वेळा ऐकूनही मला हे आधी जाणवलं नव्हतं. महाविष्णूकडून परत ‘शक्ती’कडे आले तेव्हा कान तळाशी गेला आणि तिथे कुणीच सापडेना. लेहरा धरणाराच नाही. कारण तिथे त्याची गरज नाही. एकाचं वादन चालू असताना बाकीचे हाताने ताल देत बसलेले दिसतात, कर्नाटक संगीताच्या सभेत देतात तसे. सम सगळ्यांच्या हातावर आहे. महाविष्णूत ते सगळं ओझं एका माणसाच्या बोटांवर टाकलेलं होतं.

‘शक्ती’ पहिल्या खेपेला दोन-तीन वर्षांत थांबली, पण तुटली नाही. १९९७ नंतर ‘रिमेंबर शक्ती’ म्हणून परत आली, यू. श्रीनिवास मँडोलिनवर, सेल्वगणेश आपल्या वडिलांच्या, म्हणजे विक्कूंच्या, जागी, आणि पुढे आपला चेंबूरचा, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला शंकर महादेवन. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या त्यांच्या मैफलींचा अल्बम आहे. २०२३ च्या ‘धिस मोमेंट’ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले, आणि त्यावर मला इथे लिहायचं नाही. त्याच्यासाठी वेगळी बैठक हवी.

मूळच्या पाचांपैकी हॅमरने ‘मायामी व्हाइस’ या टीव्ही मालिकेचं संगीत केलं आणि त्याचं शीर्षकसंगीत १९८५ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिलं आलं. शब्दाविना, परत एकदा. कॉबमने बँड चालू असतानाच ‘स्पेक्ट्रम’ हा स्वतःचा अल्बम काढला होता. १९९१ मध्ये ब्रिस्टलच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ने आपल्या पहिल्याच अल्बममधल्या दोन गाण्यांत या मंडळींचे तुकडे फिरवत ठेवले: एकात ‘स्पेक्ट्रम’मधला, दुसऱ्यात महाविष्णूच्या पहिल्या अल्बममधल्या ‘यू नो, यू नो’चा. ती रचना त्या अल्बमची सगळ्यात हळू, सगळ्यात रिकामी. बोटांचा वेग दाखवणारं काहीच तिच्यात नाही, नुसती एक ओळ फिरत राहते. वीस वर्षांनी नव्या पोरांनी त्या सगळ्या आतषबाजीतून उचललं ते नेमकं हे.

लेअर्ड त्यानंतर स्टॅन गेट्झ, चिक कोरिया अशा लोकांमागे वाजवत राहिला. स्वतःच्या नावाने एकच अल्बम, सॅक्सोफोनवर जो हेंडरसनला घेऊन. बास शिकणाऱ्यांसाठी पुस्तकं लिहिली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने वाजवणं थांबवलं आणि फोटोग्राफी हा पेशा धरला. भांडण नाही, मुलाखत नाही, थांबला.

ट्रायडेंटच्या टेप १९९९ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या गोदामातून निघाल्या आणि ‘द लॉस्ट ट्रायडेंट सेशन्स’ या नावाने अल्बम आला. लेअर्डची रचना त्यात पाचवी आहे, ‘स्टेपिंग्ज टोन्स’. तीन मिनिटांच्या आसपासची. बासवर एक पायऱ्या चढत गेल्यासारखी ओळ सुरू होते आणि शेवटपर्यंत तीच राहते. गिटार आणि व्हायोलिन वरून एक लांब, खेचलेली धून वाजवतात, कॉबम हळूहळू तापत जातो, पण कुणाचाही सोलो नाही. रचनाकाराचाही नाही. त्याला आयुष्यात एकदा त्या बँडच्या अल्बमवर आपलं नाव घालायची संधी मिळाली आणि त्याने लिहिलं काय, तर लेहरा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं, आणि मग मी तो तुकडा फोनवर आमच्या क्लासच्या जुन्या मित्राला पाठवला, जो आता एकल वाजवतो आणि ज्याच्यासाठी मी कितीतरी वेळा पेटीवर बसले आहे. त्याचा उलट निरोप आला: छान आहे, पण यात वाजवलंय काय?

अल्बम निघाला तेव्हा लेअर्डला बास सोडून पंधरा वर्षं तरी होऊन गेली होती. तो ४ जुलै २०२१ ला गेला. मॅक्लॉक्लिनने त्याच्या आधी, २०१७ मध्ये, अमेरिकेच्या निरोपाच्या दौऱ्यात महाविष्णूच्या जुन्या रचना पुन्हा वाजवल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळतं. बँड नवा, माणसं तरबेज, म्होरक्या पंचाहत्तरीचा आणि हात अजून तसाच. ते ऐकताना मी पहिल्यांदा बासच ऐकला. चांगला वाजवलाय. जरा जास्तच वाजवलाय.